कार्बन नलिकांच्या इलेक्ट्रोडची कुळकथा

रक्त, पाणी किंवा अन्न यांतील विशिष्ट द्रव्य जैविक घटकाच्या साहाय्याने ओळखून त्याची मात्रा विद्युत संकेतातून दाखविणाऱ्या साधनास जैवसंवेदक म्हणतात. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ओळखणारे एंझाइम इलेक्ट्रोडवर पातळ पटलाआड बसविण्याची कल्पना मांडली, आणि तेव्हापासून इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची देवघेव जलद कशी व्हावी, हा या शास्त्रातील कळीचा प्रश्न ठरला.

त्याच्या उत्तरात मुंबईचा वाटा मोठा आहे. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये जपानमधून कार्बनच्या नॅनोनलिकांचे, म्हणजे ग्रॅफाइटचे थर गुंडाळल्यासारखी रचना असलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर पाचच वर्षांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ब्रिट्टो व संथानम यांनी पुलिकेल अजयन यांच्यासह या नलिकांचा इलेक्ट्रोड बनवून त्यावर डोपामिन या मज्जासंदेशवाहकाचे ऑक्सिडीभवन अभ्यासले, आणि ही अभिक्रिया तेथे इतर कार्बन इलेक्ट्रोडांपेक्षा अधिक सुलभ होत असल्याचे दाखविले.

परंतु नलिकेची भिंत रासायनिकदृष्ट्या उदासीन असते. ती पाण्याला दूर सारते, नलिका एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि एंझाइमला पक्का आधार मिळत नाही. नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांत त्या उकळल्यास हा दोष कमी होतो, मात्र नलिका तुटतात आणि आम्लयुक्त सांडपाणी उरते. म्हणून संशोधक आयनद्रायूकडे, म्हणजेच प्लाझ्माकडे वळले. कमी दाबाच्या वायूतून विद्युतविसर्जन केले असता इलेक्ट्रॉन, आयन व क्रियाशील अणू यांचे जे मिश्रण तयार होते, त्याला अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये हे नाव दिले होते, आणि अर्धसंवाहक उद्योगात ऑक्सिजन प्लाझ्माने सेंद्रिय लेप काढून टाकण्याची रीत आधीच रुळलेली होती. तीच रीत नलिकांवर वापरली असता अव्यवस्थित कार्बन निघून जातो, पृष्ठभागावर कार्बॉक्सिल व हायड्रॉक्सिल गट येतात, पाणी त्यावर पसरते आणि एंझाइम तेथे बांधता येते. मात्र प्रक्रिया लांबल्यास भिंतीची जाळीच मोडून विद्युतवाहकता घटते. त्यामुळे शक्ती, दाब व काळ यांचा मेळ बसविणे हेच या तंत्राचे खरे कौशल्य होय.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके मज्जासंस्थेतील ज्या एंझाइमला निकामी करतात, तेच एंझाइम अशा इलेक्ट्रोडवर बसवून त्या विषाचा माग काढता येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे प्राण गेले. हे लक्षात घेता, मुंबईच्या प्रयोगशाळेशी नाते सांगणारे हे तंत्र शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावांच्या आरोग्य केंद्रांपर्यंत स्वस्त तपासणीच्या रूपाने पोहोचणे अत्यंत निकडीचे आहे.