वास गेला, त्याची नोंद कोणी घेतली?

सर्दीत चार दिवस फोडणीचा वास येत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या सवयीचे. नाक मोकळे झाले की वासही परततो. पण कधी सर्दी बरी होते आणि वास परततच नाही. नाकाच्या आत अगदी वर एक नाजूक अस्तर असते. वास तिथेच टिपला जातो, आणि विषाणू त्यालाच इजा करून जातो.

ही तक्रार जुनी आहे. १८८९-९० च्या तापाच्या साथीत युरोपातल्या काही रुग्णांचा वास आणि चव गेल्याचे डॉक्टरांनी लिहून ठेवले. पण यात जीव जात नाही, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. आंधळा, बहिरा हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. वास न येणाऱ्यासाठी तसा शब्दही नाही.

वास कळतो कसा, याचा मोठा उलगडा थेट १९९१ साली झाला. अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वास टिपणाऱ्या जनुकांचा मोठा समूह शोधला. त्यासाठी त्यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी रुग्णांना गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे घ्यायला लावले. काहींना फरक पडला.

मग करोना आला आणि घराघरांत ही तक्रार ऐकू येऊ लागली. १३ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणे हे लक्षणांच्या यादीत घातले. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला, काहींचा महिनोन्‌महिने नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न चवीपुरता नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. वासच येत नसेल, तर तो इशारा आपल्यापर्यंत पोचत नाही. करपलेले दूध, विटलेली आमटीही कळत नाही. तेव्हा घरात कोणी म्हणाली, “मला वास येत नाही,” तर तिला नखरे म्हणू नका. रात्री रेग्युलेटर बंद आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी पाहा. तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. वासाच्या सरावाबद्दलही त्यांनाच विचारा. सराव धीराने करायचा असतो, आणि त्याला घरच्यांची सोबत लागते.