इंद्रलाल रॉय : १४ दिवसांत १० विमानं पाडणारा १९ वर्षांचा वैमानिक

पांढुर्णा : पांढुर्णा-सौसर भागातली पोरं अग्निवीर, पोलीस भरती नाहीतर पीएससीची तयारी करतात, तेव्हा जीकेच्या पुस्तकात एक ओळ येते. पहिला भारतीय ‘फ्लाइंग एस’ : इंद्रलाल रॉय. ओळ पाठ होते, माणूस कळत नाही. काही जण तर त्याला निर्मलजितसिंग सेखों समजतात. सेखों १९७१ च्या युद्धातले, परमवीर चक्र मिळालेले. रॉय पहिल्या महायुद्धातला, म्हणजे अर्धशतक आधीचा.

हवाई लढाईत शत्रूची किमान पाच विमानं पाडणाऱ्याला ‘एस’ म्हणतात. रॉयच्या नावावर १० आहेत, त्यातली दोन साथीदारांसोबत मिळून पाडलेली.

जन्म २ डिसेंबर १८९८, कोलकाता. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर. घराणं मूळचं बारिसालकडचं जमीनदार. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झालं. तिथूनच त्याने रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अर्ज केला आणि नजर कमजोर म्हणून बाद झाला. मोठ्या नेत्रतज्ज्ञाला दाखवायला पैसे हवे होते, तर पोट्ट्याने आपली मोटरसायकल विकून टाकली. दुसऱ्या तपासणीत नजर ठीक निघाली. मेडिकलमध्ये बाद झालेल्या आपल्या इकडच्या पोरांनी हे नीट वाचावं : त्याने वशिला शोधला नाही, तपासणी पुन्हा करून घेतली.

जुलै १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि ऑक्टोबरअखेर फ्रान्समध्ये ५६ स्क्वाड्रनमध्ये गेला. ६ डिसेंबरला त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावलं, असं सांगतात. दवाखान्यात पडल्या पडल्या तो विमानांची चित्रं काढायचा. डॉक्टरांनी उडायला अयोग्य ठरवलं, तरी त्याने पिच्छा सोडला नाही.

जून १९१८ मध्ये तो ४० स्क्वाड्रनला आला. तिथे कॅप्टन जॉर्ज मॅकलरॉय या आयरिश वैमानिकाच्या हाताखाली तो तयार झाला. विमान एस.ई.५ए : एकट्या वैमानिकाचं, दोन मशीनगनचं. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूट मिळत नसे. विमान पेटलं की संपलं.

६ जुलैला पहिलं विमान पाडलं. ८ जुलैला चार तासांच्या आत तीन. १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक आणि १९ ला दहावं. २२ जुलैला कार्व्हां गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचं विमान पेटून कोसळलं. वीस पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. सप्टेंबरमध्ये मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान मिळालेला तो पहिला भारतीय. कबर फ्रान्समध्ये एस्तेवेल इथे आहे.

परीक्षेत फसवणारा मुद्दा : रॉय भारतीय वायुसेनेत नव्हता. ती स्थापन झाली ८ ऑक्टोबर १९३२ ला. त्याच्या नात्यातला सुब्रतो मुखर्जी मात्र १९५४ मध्ये तिचा पहिला भारतीय प्रमुख झाला. शाळांचा सुब्रतो कप फुटबॉल त्यांच्याच नावाने आहे.

त्या युद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ विमान उडवणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यात सरदार हरदितसिंग मलिक होते, जे आधी फ्रेंच रेडक्रॉसची अ‍ॅम्ब्युलन्स चालवत. आणि एक नाव आपल्या ओळखीच्या वळणाचं होतं : मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर. केंब्रिजला शिकलेला. तो एस नव्हता, म्हणून जीकेत येत नाही. २३ स्क्वाड्रनमध्ये तो डॉल्फिन विमान उडवायचा. रॉयच्या पहिल्या विजयाच्या आठवडाभर आधी, जून १९१८ च्या शेवटी, तो गस्तीवर गेला तो परत आला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला आणि तिथेच वारला. जर्मनांनी त्याला पुरलं, पण कबरीवर नाव चुकीचं पडलं. युद्ध संपल्यावर बऱ्याच शोधाने ती कबर त्याचीच असल्याचं कळलं. आता फ्रान्समधल्या हंगार गावच्या स्मशानभूमीत ती त्याच्या खऱ्या नावाने आहे.