बुद्धिबळ खेळणारे मतदान यंत्र

यंत्राला बुद्धी आहे का, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकात बुद्धिबळाची कसोटी लावली जाई. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने कास्पारॉव्हला हरवले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. २००६ साली नेदरलँड्समध्ये आणखी एका यंत्राने बुद्धिबळ खेळून दाखवले. खेळ अगदी साधाच होता, पण त्याची दखल सरकारला घ्यावी लागली, कारण ते मतदान यंत्र होते.

तेथील सुमारे ९० टक्के मते तेव्हा नेडॅप कंपनीच्या यंत्रांवर नोंदवली जात. हे यंत्र मते नोंदवण्यासाठीच आहे, त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवा, असे आव्हान त्याच्या समर्थकांनी दिले होते. ‘मतदान संगणकांवर आमचा विश्वास नाही’ असे नावच घेतलेल्या नागरिकांच्या गटाने यंत्र मिळवून उघडले. आत सर्वसाधारण प्रक्रियक होता आणि त्याची आज्ञावली काढता-घालता येणाऱ्या चिपमध्ये होती. चिप बदलली की यंत्र बुद्धिबळ खेळे. दुसरी बसवली की मते फिरवी.

यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. पुरेशी स्मृती दिली तर एकच यंत्र लिहून देता येईल अशी कोणतीही आकडेमोड करू शकते, हे ट्यूरिंगने १९३६ सालीच दाखवले होते. आपण ते वर्गात शिकवतो आणि बाहेर पडलो की विसरतो.

दुसरा दोष अधिक गमतीचा. एका पक्षाच्या नावात स्वरचिन्ह असलेले अक्षर होते. ते पडद्यावर उमटताच पडद्याची वारंवारता बदले आणि तो फरक जवळच्या रेडिओ-ग्राहकावर ऐकू येई. म्हणजे मत गुप्त राहिले नाही!

२००७ साली या यंत्रांची परवानगी गेली. जर्मनीतही २००५ च्या निवडणुकीत नेडॅपची यंत्रे वापरली होती. तेथील घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तो वापर घटनाबाह्य ठरवला. निकाल मात्र रद्द केला नाही. यंत्रात लबाडी झाल्याचा पुरावा नव्हता. न्यायालयाचा मुद्दा वेगळाच होता. मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असे न्यायालय म्हणाले. आमच्यासारख्या तज्ज्ञांनी दिलेली हमी त्याला पुरेशी वाटली नाही, आणि ते योग्यच झाले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली उदाहरणांवरून शिकतात. त्यांतले सगळे आकडे समोर ठेवले, तरी एखादा निर्णय का झाला हे बनवणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. मतदार-यादीतली नावे गाळण्याचे किंवा सह्या जुळवण्याचे काम त्यांच्याकडे द्यायचे, तर ही अट कशी पाळणार?

नेदरलँड्सचे मतदार मात्र पुन्हा कागदाकडे वळले. ते लाल पेन्सिलीने खूण करतात.