पिकाचा धनी कोण?

दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारिद्र्याची मीमांसा करणारांनीं बहुधा त्याच्या कर्जाकडे बोट दाखविलें आहे. हें निदान खोटें नव्हे. परंतु तें अपुरें आहे, असें आम्हांस वाटतें. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा चाळून पाहावा.

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि इकडील कापसास अपूर्व भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपलें व भाव कोसळले. सावकाराचें देणें मात्र तसेंच राहिलें आणि सारा तर फेरपाहणींत ठिकठिकाणीं वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले व दंगा नगर जिल्ह्यांतही पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या पेटींतील खतांवर होता. सरकारनें चौकशी केली. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला व १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा. तथापि १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्यांनीं काढलेल्या कर्जांपैकीं सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ इतकाच भरला!

याचें एक कारण उघड आहे. पतपेढी शेतकऱ्याला पेरणीपर्यंत पोंचवी. पीक खळ्यावरून निघालें कीं त्याचा भाव ठरविणारा दुसराच. मग कर्ज फिटावें कशांतून?

या प्रश्नाचें उत्तर प्रवरेच्या कांठीं मिळालें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकूं लागला, पण गुळाचा भाव आडत्यांच्या हातीं. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, त्याचा लाभ मुख्यतः भांडवलवाल्या कंपन्यांनीं घेतला. अशा स्थितींत लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग जमविले; धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञानें संस्थेचें अध्यक्षपद स्वीकारलें; वैकुंठभाई मेहतांनीं पाठबळ दिलें. १९५० साल सरतां सरतां कारखान्याचें गाळप सुरू झालें. येथें भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. ऊंस घालणारा तोच कारखान्याचा मालक, म्हणून साखरेचा नफा उंसाच्या भावाच्या रूपानें त्याच्याच घरीं येई. कर्जमाफीनें जें साधलें नव्हतें, तें या मालकीनें बऱ्याच अंशीं साधलें.

पण चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. सभासद व्हावयाचें तर ऊंस हवा आणि उंसाला बारमाही पाणी हवें. ज्वारी-बाजरीवर गुजराण करणारा कोरडवाहू शेतकरी या मंडळींतून आपोआपच वगळला गेला. बीडसारख्या अवर्षणी मुलखांतून दरसाल कोयता घेऊन येणारा ऊंसतोड मजूर पुष्कळदां स्वतःही लहान शेतकरीच असतो. त्याच्या श्रमांवर गाळप चालतें, पण त्याला मत नाहीं. शिवाय लागवडीच्या जमिनीचा अल्प भाग व्यापणारें हें पीक कालव्या-विहिरींच्या पाण्याचा फार मोठा भाग पिऊन टाकतें, आणि अति पाण्यानें कित्येक काळ्या जमिनी चोपण होऊन बसल्या आहेत. एका शेतकऱ्याला धनी करणारी संस्था दुसऱ्याला पाण्यावांचून ठेवीत असेल, तर तिचें काम अर्धेंच झालें असें म्हटलें पाहिजे.

म्हणून प्रवरेचें तत्त्व टाकून न देतां तें कालव्यापलीकडे नेलें पाहिजे. २००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादकांच्या कंपन्यांना स्थान मिळालें. तूर, हरभरा, ज्वारी अशा कमी पाण्याच्या पिकांची प्रतवारी, भरडाई व विक्री शेतकऱ्यांनीं स्वतः करण्यास त्यामुळें वाट मोकळी झाली आहे. अशा संस्थांची कसोटी त्यांच्या नफ्यावर लावून भागणार नाहीं. ज्याच्या शेतास पाट नाहीं आणि ज्याच्या हातांत वर्षांतले सहा महिने कोयता असतो, तो त्यांच्या सभेंत मत द्यावयास बसला आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.