जुना पीएसपी आजही कामाचा: होमब्रू आणि रेट्रो गेम्सची सुरुवात कशी करायची?

फोनवर गेम उघडला की दर दोन मिनिटांनी जाहिरात, वर "पॅक विकत घ्या" आणि संध्याकाळपर्यंत डेटा खलास. आमच्या चाकूरला लाईट गेली की कधीकधी नेटवर्कही सोबत जातं. अशा वेळी मी सोनीचा जुना पीएसपी वापरतो. त्याला ना नेट लागतं, ना रिचार्ज. तुमच्या किंवा एखाद्या मामाच्या कपाटात असाच पीएसपी पडून असेल, तर त्याचं काय करता येईल ते बघूया.

पीएसपी म्हणजे काय?
प्लेस्टेशन पोर्टेबल हा हातातला कन्सोल 12 डिसेंबर 2004 ला जपानमध्ये आला. 4.3 इंची स्क्रीन, 333 मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रोसेसर. 1000 मॉडेलला 32 एमबी रॅम आहे, 2000 आणि 3000 ला 64 एमबी. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 2010 मध्ये यावर 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा गल्ली क्रिकेटचा गेमही आणला होता. जुलै 2021 मध्ये सोनीने पीएसपीवरची ऑनलाइन खरेदी बंद केली. म्हणजे आता मुख्यतः उरल्या जुन्या डिस्क आणि होमब्रू.

होमब्रू म्हणजे काय?
कंपनीच्या परवान्याशिवाय हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर. 2004 चा 'केव्ह स्टोरी' एका जपानी डेव्हलपरने एकट्याने बनवून फुकट दिला. त्याची पीएसपी आवृत्ती हौशी मंडळींनी केली. 'डूम'चा कोड 1997 मध्ये खुला झाला, म्हणून तोही इथे चालतो. 'मास्टरबॉय' हा एम्युलेटर गेम बॉयचे गेम चालवतो, 'जीपीएसपी' गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे.

पायरसी कुठे सुरू होते?
एम्युलेटर वापरणं म्हणजे पायरसी नाही. पण कंपनीच्या गेमची फाइल फुकट उतरवणं हा कॉपीराइटचा भंग आहे. गेम 30 वर्षं जुना असला तरी कॉपीराइट संपत नाही. 'टोबू टोबू गर्ल'सारखे मुळातच फुकट आणि ओपन सोर्स असलेले गेम घ्या.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?
- बॅटरीचं झाकण उघडून बघा. बॅटरी फुगलेली असेल तर ती अजिबात चार्ज करू नका.
- अ‍ॅनालॉग नब आपोआप एका बाजूला सरकतो का ते बघा.
- मेमरी स्टिक नसेल तर मायक्रोएसडीचा अ‍ॅडॅप्टर चालतो. कार्ड पीएसपीमध्येच फॉरमॅट करा.

सुरुवात कशी करायची?
1. आधी कार्डवरच्या सेव्ह फाइल्स फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा.
2. सेटिंग्जमध्ये सिस्टिमचं व्हर्जन बघा. 6.60 किंवा 6.61 हवं.
3. अपडेट करायचं असेल तर बॅटरी चांगली आणि पूर्ण चार्ज असू द्या. नुसत्या चार्जरच्या भरवशावर बसलात आणि मध्येच लाईट गेली, तर कन्सोल कायमचा बंद पडू शकतो. लोडशेडिंगची वेळ टाळा.
4. 'आर्क-4' हे कस्टम फर्मवेअर त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या. सुरुवातीला कायमस्वरूपी इन्स्टॉल करू नका. तात्पुरती पद्धत स्लीपमध्ये टिकते. पूर्ण बंद केल्यावर पुन्हा सुरू करावी लागते, पण तीच जास्त सुरक्षित.
5. होमब्रूचं फोल्डर कार्डवरच्या 'पीएसपी' फोल्डरमधल्या 'गेम' फोल्डरात टाका. मेन्यूमध्ये गेम दिसेल.

पीएसपी नसेल तर?
फोनवर 'पीपीएसएसपीपी' हे फुकट अ‍ॅप टाका. त्यात बरेचसे होमब्रू चालतात. म्हणून कन्सोलवर पैसे घालण्याआधी इथे खेळून बघा आणि आवडलं तरच सेकंडहँड शोधा.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. पीएसपीच्या मेन्यूत मराठी नाही, पण होमब्रूची साधनं खुली आहेत. सी भाषा शिकत असाल तर अक्षरांची चित्रं वापरून मराठी बाराखडीचा छोटा गेम तुम्हीही बनवू शकता. कुणी बनवला तर मला नक्की कळवा, मी पहिला खेळणार!