फाळणीनंतरचे स्त्री-शोधकार्य : परिभाषा आणि संमती

१९४७ च्या पंजाबातील उत्पातात दोन्ही बाजूंच्या हजारो स्त्रिया आपल्या माणसांपासून तुटल्या. काहींना पळवून नेण्यात आले, काही विकल्या गेल्या, तर अनेकींचे धर्मांतर करून त्यांचे विवाह लावण्यात आले. काल शेजारच्या जिल्ह्यात असलेली मुलगी नव्या सीमारेषेमुळे आज परराष्ट्रात गेली होती, आणि तिला शोधणारा बाप वा भाऊ स्वतःच निर्वासितांच्या छावणीत पडलेला होता. सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे ५०,००० मुसलमान आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया अशा रीतीने अडकलेल्या होत्या. या प्रकरणाचा इतिहास आता अपरिचित राहिलेला नाही. प्रत्यक्ष काम केलेल्या कमलाबेन पटेल यांच्या गुजराती आठवणी उपलब्ध आहेत. १९९८ मध्ये उर्वशी बुटालिया यांचा, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांचा, असे दोन महत्त्वाचे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. या कार्यासाठी जी परिभाषा योजली गेली, तीत त्या स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला कोणते स्थान होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

आपल्या मुलीचा शोध घेण्यासाठी एकट्या कुटुंबाने सीमा ओलांडावी अशी परिस्थिती त्या वेळी नव्हती. साहजिकच नातेवाइकांची हाक शासनापर्यंत गेली. सक्तीने झालेली धर्मांतरे व विवाह मानले जाणार नाहीत, अशी भूमिका दोन्ही सरकारांनी सप्टेंबर १९४७ मध्येच घेतली होती. ६ डिसेंबर १९४७ रोजी लाहोर येथे त्यांच्यात करार होऊन शोधकार्याला निश्चित रूप आले. भारताच्या बाजूने मृदुला साराभाई आणि रामेश्वरी नेहरू यांनी त्याचे नेतृत्व केले. नातेवाइकांनी दिलेल्या माहितीवरून पोलीस व कार्यकर्त्या गावोगाव जात, आणि सापडलेल्या स्त्रियांना लाहोर, जालंधर येथील छावण्यांत आणून ठेवीत. घरच्या माणसांची तळमळ शासनाच्या यंत्रणेत शिरली ती अशी. मात्र शिरताना तिची भाषा बदलली.

‘अपहृत’ हा शब्द ‘हृ’ या धातूपासून आला आहे. हरण धनाचे होते, गुरांचे होते, तसेच स्त्रीचेही होते. हरण केलेल्या वस्तूच्या इच्छेचा प्रश्न या धातूच्या अर्थात उद्भवतच नाही. उर्दूतील ‘मुग़विया’ या शब्दाची छटा निराळी आहे. तो ज्या अरबी मुळातून आला त्याचा अर्थ वाट चुकणे, आणि प्रेरणार्थी रूपात वाट चुकविणे, असा होतो. म्हणजे एका शब्दात स्त्री वस्तू ठरते, तर दुसऱ्यात तिच्यावर स्खलनाची पुसट सावली पडते. शोधून आणलेल्या स्त्रीबद्दल ‘बरामद’ हा शब्द चालला. मुळात ‘बाहेर आलेले’ असा अर्थ असलेला हा फारसी शब्द उत्तर हिंदुस्थानातील पोलिसांच्या बोलीत चोरीच्या मालासाठी रूढ आहे. शब्दांची व्युत्पत्ती म्हणजे वापरणाऱ्यांचा हेतू नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. तथापि या ठिकाणी कायद्याने तोच अर्थ पत्करला, म्हणून या शब्दांची दखल घेणे भाग आहे.

जानेवारी १९४९ च्या वटहुकुमानंतर त्याच वर्षी डिसेंबरात भारतात अपहृत व्यक्तींसंबंधीचा कायदा संमत झाला. त्यातील व्याख्या अशी : जी कोणत्याही वयाची स्त्री, अथवा १६ वर्षांखालील मुलगा, मुसलमान आहे किंवा १ मार्च १९४७ च्या लगतपूर्वी मुसलमान होता, आणि त्या दिवसापासून १ जानेवारी १९४९ पूर्वीपर्यंतच्या काळात आपल्या कुटुंबापासून वेगळा होऊन अन्य व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या सहवासात वा ताब्यात असल्याचे आढळते, ती व्यक्ती अपहृत होय. अशा स्त्रीला त्यानंतर झालेले मूलही याच व्याख्येत येते. या वाक्यात धर्म आहे, तारखा आहेत, कुटुंब आहे. परंतु ‘सक्ती’ हा शब्द नाही, ‘संमती’ हाही नाही. सक्तीच्या विवाहाच्या निराकरणासाठी केलेल्या कायद्याला सक्ती सिद्ध करण्याची आवश्यकता वाटली नाही. एखादी व्यक्ती अपहृत आहे की नाही याबद्दल वाद उद्भवल्यास तो न्यायाधिकरणाने मिटवावयाचा होता, आणि छावणीतील स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयाचे दार बंद करण्यात आले होते. सज्ञान स्त्रीचे हक्क यामुळे हिरावले जातात, असा आक्षेप पंडित ठाकुरदास भार्गव यांनी विधेयकावरील चर्चेतच घेतला होता.

पुढे पंजाब राज्य विरुद्ध अजैबसिंग या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उच्च न्यायालयाने या कायद्यातील ताब्यात घेण्याचा अधिकार घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविला होता. नोव्हेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अपहृत व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप नसतो. म्हणून तिला ताब्यात घेणे ही त्या अनुच्छेदाच्या अर्थाने अटक नव्हे, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत असेलही. परंतु त्याचे फलित असे, की आरोपीला मिळणारे संरक्षण निरपराध स्त्रीला मिळाले नाही.

एवढ्यावरून शोधकार्यच अन्यायाचे होते असा निष्कर्ष काढणे मात्र एकांगी ठरेल. पळवून नेणाऱ्याच्या घरात, त्याच्याच देखत विचारलेल्या प्रश्नाला स्त्री जे उत्तर देईल ते मुक्त कसे मानावे, हा या कार्याच्या समर्थकांचा मुद्दा बिनतोड होता. शिवाय परतण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला माहेरच्या स्वागताचीही खात्री नसे. मराठीत ‘बाटणे’ हे एकच क्रियापद धर्मांतर आणि विटाळ या दोन्ही अर्थांनी वापरले जाते. ही सांगड एकट्या मराठी समाजाची नव्हती. परत आलेल्या स्त्रियांना सन्मानाने स्वीकारावे, असे आवाहन गांधीजींना व नेहरूंना करावे लागले, यातच सारे आले. लेक हवी पण तिचे मूल नको, असेही काही घरांनी म्हटले. दुसऱ्या बाजूला नव्या घरी रुळलेल्या, मुलाबाळांत गुंतलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांना पुन्हा उखडण्याने कोणाचे सुख साधते, असा प्रश्न करून रामेश्वरी नेहरू १९४९ मध्ये या कामातून बाजूस झाल्या. एकाच ध्येयाने काम करणाऱ्या दोन स्त्रियांमधील हा मतभेद या इतिहासाचा गाभा होय.

या दोन भूमिकांचा काहीसा समन्वय १९५४ मध्ये झाला. अनिच्छुक स्त्रियांना वेगळ्या निवासांत ठेवून मोकळ्या वातावरणात निर्णयास अवधी द्यावा, असे त्या वर्षी ठरले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी कायद्याची मुदत संपली तोवर सुमारे ३०,००० स्त्रिया सीमेपार पाठविल्या गेल्या होत्या. त्यांपैकी सुमारे २२,००० मुसलमान आणि ८,००० हिंदू व शीख होत्या. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत १९५४ ची सवलत उशिरा आली, हे उघड आहे.

परदेशात सक्तीने विवाह लावून दिलेल्या मुलींना परत आणण्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. ब्रिटनने त्यासाठी २००७ मध्ये कायदा केला. त्यात मुलीच्या वतीने अन्य व्यक्तीही न्यायालयात जाऊ शकते. पण तिचे हित ठरविताना तिची इच्छा व भावना, जितक्या जाणता येतील तितक्या, विचारात घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. १९४९ च्या व्याख्येत जे पद गळाले होते, ते येथे वाक्यात आलेले दिसते.

मराठीत आपण म्हणतो, बापाने मुलीला परत आणले. सरकारने तिला सोडवले. ती परत आली. पहिल्या दोन वाक्यांत मुलगी कर्म आहे, तिसऱ्यात कर्ता. पहिली दोन वाक्ये अनावश्यक नाहीत. त्यांच्याविना तिसरे कित्येकदा शक्यच होत नाही. परंतु ती खरी झाली म्हणून तिसरे आपोआप खरे होत नाही. दप्तरांत आपल्याला आढळतात ती बहुधा पहिली दोन. ‘बरामद’ झालेल्या स्त्रियांच्या आकड्यांवरून किती जणी ‘परत आल्या’ हे सांगता येत नाही, याचे भान या काळावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक कागद वाचताना ठेवले पाहिजे.