सिल्डेनाफिल : चेतासंस्थेवरील गंभीर दुष्परिणाम

लिंगाला पुरेशी ताठरता न येण्याच्या तक्रारीवरील औषध. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझरच्या प्रयोगशाळेत ते हृदयशूळासाठी तपासले जात होते. ताठरतेवरचा गुण लक्षात आला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ नावाने त्याला मान्यता मिळाली. ते फॉस्फोडायएस्टरेज-५ या विकराला अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. हा परिणाम एका अवयवापुरता मर्यादित राहत नाही. डोके दुखणे ही तर नेहमीची तक्रार.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये अर्धशिशीच्या १२ रुग्णांना हे औषध दिले. १० जणांचे डोके अर्धशिशीसारखेच उठले. मेंदूची मुख्य धमनी मात्र रुंदावलेली आढळली नाही. म्हणजे दुखण्याचे कारण निव्वळ रक्तवाहिनी फुगणे नव्हे.

फॉस्फोडायएस्टरेज जातीचेच दुसरे विकर दृष्टिपटलात असते. तेही थोडे अडले की काही काळ निळसर दिसते. याहून गंभीर म्हणजे दृक्‌चेतेचा रक्तपुरवठा तुटून एका डोळ्याची दृष्टी एकाएकी जाणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये हा धोका माहितीपत्रकात घालायला लावला, २००७ मध्ये अचानक येणाऱ्या बहिरेपणाचा. झटके, पक्षाघात व मेंदूतील रक्तस्राव यांच्याही नोंदी आहेत. हे सारे विरळा, आणि प्रत्येक वेळी दोष गोळीचाच असतो हे सिद्ध झालेले नाही. अनेक रुग्णांना आधीपासून मधुमेह वा उच्च रक्तदाब असतो.

नागपुरातील एका ४१ वर्षांच्या पुरुषाने ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दारूसोबत घेतल्या. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि तो मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात हे प्रकरण छापून आले आहे.

बनावट गोळ्यांचा धोका याहून भयंकर, आणि त्याबद्दल बोलले जाते फारच कमी. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरून दाखल झाले. शक्तिवर्धक म्हणून विकल्या गेलेल्या बेकायदा गोळ्यांत ग्लायब्युराइड हे मधुमेहाचे औषध मिसळलेले निघाले. साखरेवाचून मेंदू उपाशी राहिला. सात जण बेशुद्धच राहिले, त्यांतले चौघे मरण पावले.

छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांना सिल्डेनाफिल वर्ज्य आहे. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तदाब कोसळून मेंदूला रक्त अपुरे पडते. भारतात ते चिठ्ठीवरच मिळायला हवे. पण संकोचापायी माणसे डॉक्टरांना टाळून थेट मेडिकलमधून गोळी घेतात, आणि नायट्रेट चालू आहे का हे विचारायला कोणी उरत नाही.